सालीआडचा गाभा

गोंदियाहून कोहमाऱ्याकडे जाणारा रस्ता गोरेगावातून जातो. धानाची कापणी झाली की त्या रस्त्यावर ट्रॅक्टर, पोत्यांनी लादलेले ट्रक आणि मोटारसायकली यांची एकच गर्दी उसळते. मोटारसायकलवाल्यांपैकी काहींचे हेल्मेट डोक्यावर असते, काहींचे आरशाला लटकलेले, काहींचे पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेले. जिल्ह्याच्या आभाळात मधूनच एखादे पांढरेशुभ्र, लांब बारीक पंखांचे छोटे विमान घिरट्या घालताना दिसते. बिरसीच्या धावपट्टीवरून उडालेले ते शिकाऊ विमान. रस्त्यावरचे हेल्मेट आणि वरचे विमान यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे कुणाला वाटत नाही. पण दोघांचे घराणे एकच आहे.

घराण्याची खूण अशी: बाहेर पातळ, कडक साल आणि आत जाड, हलका, बहुतांशी हवेनेच भरलेला फोमचा गाभा. विमानाच्या पंखाला साली दोन, वर आणि खाली. हेल्मेटला बाहेरची एकच; आतल्या बाजूला आपले डोके. या रचनेला अभियंते सँडविच म्हणतात. घराणे एक असले तरी दोन्ही शाखांचे काम नेमके उलट आहे. पंखातला गाभा कधीच चिरडता कामा नये. हेल्मेटातला गाभा वेळ आली की चिरडलाच पाहिजे. तो शाबूत राहिला आणि डोके फुटले, तर ते हेल्मेट कशाला घातले? एकाच पदार्थाकडून अशी परस्परविरोधी अपेक्षा कशी ठेवली गेली, हे शोधायला थोडे मागे जावे लागते.

या रचनेची वंशावळ मांडणारे बहुधा अभियंता विल्यम फेअरबेर्नपासून सुरुवात करतात. वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सनला रेल्वेचा पूल बांधायचा होता, आणि गाडी चक्क लोखंडी नळीतून न्यायची अशी त्याची कल्पना होती. १८४५-४६ मध्ये फेअरबेर्नने, गणिती ईटन हॉजकिन्सनच्या मदतीने, लंडनजवळच्या मिलवॉलला नळ्यांची प्रतिरूपे करून ती वजनाखाली मोडून पाहिली. वजन वाढवत नेले की नळीचा खालचा पत्रा ताणाने फाटेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात वरचाच पत्रा दाबाखाली चुरगळत होता. म्हणून पुलाच्या छतात आणि तळात दोन पत्र्यांमध्ये पोकळ कप्पे बसवले गेले. ब्रिटानिया पूल १८५० मध्ये सुरू झाला. गाभ्यात फोम नव्हता, पोकळीच होती. पण मर्म तेच होते: वाकवणाऱ्या ताकदीशी झगडतात ते कडेचे थर, मधल्या भागाला फारसे काम नसते, मग जड माल मध्ये भरायचा कशाला? कडेचे थर एकमेकांपासून दूर धरून ठेवणारे काहीतरी हलके मध्ये असले की झाले.

या युक्तीतला फायदा आकड्यांत पाहिला की चकित व्हायला होते. एक सपाट पत्रा घ्या. त्याच मालाचे दोन पातळ पत्रे करून मध्ये हलका गाभा घाला आणि एकूण जाडी मूळच्या दुप्पट करा. वजन जेमतेम तीन टक्क्यांनी वाढते, ताठपणा मात्र सात पट होतो. जाडी चौपट केली तर वजनात भर सहा टक्क्यांची आणि ताठपणा ३७ पट. इतका स्वस्त सौदा अभियांत्रिकीत क्वचितच मिळतो. मात्र हा सगळा हिशोब वाकण्याचा आहे. पत्र्यावर एखाद्या जागी हातोडी पडली तर काय होईल, याचे उत्तर त्यात नाही. पुढच्या शंभर वर्षांत ज्यांनी ही रचना वाढवली त्यांच्या डोक्यातही तो प्रश्न मुख्य नव्हता. आघात हा या घराण्यात न बोलावता आलेला पाहुणा आहे.

१९२४ मध्ये थिओडोर फॉन कार्मान आणि पीटर स्टॉक यांनी ग्लायडरच्या धडासाठी अशा रचनेचे पेटंट घेतले. तिला खरे पंख मिळाले ते इंग्लंडच्या डी हॅविलंड कंपनीत. तिच्या अल्बट्रॉस या प्रवासी विमानाचे धड प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड घालून केले होते. ते १९३७ मध्ये उडाले. बाल्सा म्हणजे एक्वाडोरच्या जंगलात झपाट्याने वाढणारे, कापसासारखे हलके लाकूड, जणू निसर्गाने तयार करून ठेवलेला फोम. पवनचक्क्यांच्या पात्यांत ते अजूनही वापरतात.

अल्बट्रॉसमागोमाग आले मॉस्किटो. महायुद्धात ॲल्युमिनियमची टंचाई होती, सुतार आणि फर्निचरवाले मात्र रिकामे बसले होते. बर्चचे प्लायवुड, मध्ये बाल्सा, पुन्हा बर्च, अशा धडाचे हे दोन इंजिनांचे लाकडी विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडाले. त्याच वर्षी, युद्धाच्याच गरजेपोटी, इंग्रजांनी गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी बांधली. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण पुढे या धावपट्टीवर ज्या जातीची विमाने येणार होती, त्यांचा पूर्वज त्याच साली जन्मावा हा योग नोंदवण्यासारखा आहे.

मॉस्किटोला हिंदुस्थान मानवले नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४४ मध्ये इथल्या तुकड्यांची काही विमाने हवेतच मोडली आणि बाकीची जमिनीवर बसवून ठेवावी लागली. मेजर हेरवर्ड डी हॅविलंड स्वतः पथक घेऊन चौकशीला आला. त्याचे म्हणणे पडले की पावसाळी हवेमुळे लाकूड आक्रसले, डिंकाचा दोष नाही. पुढच्या चौकशांत मात्र निघाले ते वेगळेच: पंखांत साल आणि आतला सांगाडा यांचे चिकटकाम कारखान्यातच नीट झाले नव्हते. आपल्या हवेला दोष देणे सोपे होते, ते झाले. या घराण्याचे दुखणे मात्र त्या प्रकरणातच स्पष्ट दिसते. साल मजबूत असते, मधला भाग आपल्या परीने पुरेसा असतो. दगा देतो तो दोघांमधला सांधा. आणि सांधा सुटला तरी बाहेरून काही दिसत नाही.

लाकडाच्या जागी खरा फोम आला तो रसायनशाळेतून. स्वीडनच्या कार्ल मुंटर्सने फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचे पेटंट १९३० च्या दशकात घेतले होते. ते अमेरिकेच्या डाऊ कंपनीने विकत घेतले आणि युद्धकाळात त्यापासून न बुडणारे तराफे केले. जर्मनीत ओटो बायरने १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचा शोध लावला. तिथल्याच बीएएसएफ कंपनीत फ्रिट्झ श्टास्नी याने १९४९ मध्ये पॉलिस्टायरीनचा एक नमुना बुटाच्या पॉलिशच्या डबीत घालून भट्टीत ठेवला आणि विसरून गेला. परत येऊन पाहतो तर डबीतून फेसाचा खांब वर आलेला आणि त्याच्या डोक्यावर डबीचे झाकण. कंपनी ही गोष्ट आवडीने सांगते. मण्यांच्या रूपातला, वाफेवर फुगणारा आणि साच्याचा आकार घेणारा फोम तिथून सुरू झाला.

आपल्याकडे तो थर्माकोल म्हणून आला. मुंबईत १९४३ मध्ये स्थापन झालेली आर. ए. कोल ही कंपनी पुढे बीएएसएफ इंडिया झाली, आणि तिच्या मालाचे नाव घरोघरी गेले. त्याआधी हलक्या कामासाठी आपल्याकडे भेंड होते, पाणथळीत वाढणाऱ्या झाडाचा पांढरा मऊ गर. नवरदेवाची बाशिंगे त्याचीच आणि साहेबाची सोला टोपीही त्याचीच. दोन्ही डोक्यावरची असली तरी एक शोभेसाठी आणि दुसरी उन्हासाठी. फटका झेलणे हे कुणाचेच काम नव्हते. थर्माकोलने भेंडाची जागा घेतली आणि गणपतीचे मखर व्यापले. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. हेल्मेटातला थर्माकोल त्या बंदीत येत नाही. तो तोच पदार्थ आहे, फक्त जास्त घट्ट दाबून भरलेला.

घराण्यातला सर्वांत साधा आणि गावोगाव पोहोचलेला नातेवाईक म्हणजे पफ पॅनेल: दोन रंगीत पत्रे आणि मध्ये पॉलियुरेथेन. शीतगृहाच्या भिंती, औषधांच्या थंड खोल्या त्याच्या. तिथे गाभ्याचे काम थंडी धरून ठेवण्याचे. हातगाडी आपटून पोचा पडला तर कुणी तक्रार करत नाही. पत्रा फाटून आत पाणी शिरले तरच प्रश्न.

आता बिरसीकडे. तिथली नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट ही भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतली संस्था. तिच्या ताफ्यात डायमंड कंपनीची डीए-४० आणि डीए-४२ ही विमाने. डायमंडचे मूळ ऑस्ट्रियातले, आणि तिची विद्या ग्लायडरची. जर्मनीत श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या उड्डाणमंडळाने १९५७ मध्ये फिनिक्स नावाचे ग्लायडर उडवले. काचतंतूंच्या साली आणि मध्ये बाल्सा अशा बांधणीचे ते पहिले विमान. पुढच्या ग्लायडरांनी बाल्सा टाकून फोम घेतला, आणि ग्लायडर बनवता बनवता इंजिनवाली विमाने करू लागलेल्या कारखान्यांनी तीच रीत पुढे नेली. डीए-४० १९९७ मध्ये उडाले. त्याच्या पंखांच्या साली काच आणि कार्बनच्या तंतूंच्या, रेझिनमध्ये भिजवून कडक केलेल्या, आणि बहुतेक भाग सँडविचचा. तो पांढरा रंगही हौसेचा नाही. रेझिन आणि फोम तापले की नरमतात. गोंदियात मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो. उन्हात उभ्या विमानाची साल त्याहून कितीतरी तापते. गडद रंग दिला असता तर ती आणखी तापली असती.

अशा पंखाला काय काय लागू शकते? धानाच्या बांध्यांमध्ये आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी सारस राहतात; महाराष्ट्रात ते मुख्यतः याच जिल्ह्यात उरले आहेत. साडेसहा किलोचा सारस आणि सेकंदाला ६० मीटर वेगाचे विमान यांची गाठ पडली, तर सुमारे बारा हजार ज्यूल ऊर्जेचा दणका बसतो. त्यात साल, गाभा, सांगाडा यांचा वेगळा विचार करायला वेळच उरत नाही. पण अशी टक्कर क्वचित होते, आणि झाली तर सगळ्यांना कळते. मला जास्त चिंतेचे वाटतात ते किरकोळ फटके.

विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट नवी नाही. चार सेंटिमीटर व्यासाची गार साधारण ३० ग्रॅमची. ती ताशी ८०-९० किलोमीटर वेगाने खाली येते, म्हणजे सात ते नऊ ज्यूल. दुरुस्तीच्या शेडमध्ये अर्ध्या किलोचा पाना दीड-दोन मीटरवरून हातातून निसटला, तर तोही सात ते दहा ज्यूलचा. ऊर्जा जवळपास सारखी, जखम मात्र वेगळी. गार आपटताच स्वतः फुटते आणि बराचसा जोर तिच्या फुटण्यातच जातो. पान्याची कड फुटत नाही. ती एका टिचभर जागेवर सगळा जोर लावते.

तिथे नेमके काय घडते ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. प्रथम वरची साल त्या जागी खाली दबते. तिच्याखालचा फोम म्हणजे लाखो बंद कप्पे. त्यांच्या भिंती एका मर्यादेपर्यंत लवतात आणि मग मोडतात. पाना उचलला जातो. साल तंतूंची असल्याने स्प्रिंगसारखी जवळपास मूळ जागी परत येते. फोम येत नाही. तो चिरडला तो चिरडला. आता सालीखाली एक पोकळी उरते, साल आणि गाभा यांची ताटातूट होते, आणि वरून पाहणाऱ्याला फार तर नखभर खळगा दिसतो, तोही तिरक्या उजेडात. जोर वाढला तर सालीचे तंतू तुटतात, रेझिनला भेगा पडतात. आणखी वाढला तर गाभ्यात तिरकी, साधारण ४५ अंशांची भेग पडते, ती खाली उतरून दुसऱ्या सालीशी वळते आणि तिला धरून सरकत जाते. फटका वरून बसला आणि खालची साल सुटली, असे होते ते यामुळे. पाना आरपार गेला तर उलट बरे, भोक तरी दिसते.

फोम किती घट्ट असावा यावर गमतीचा पेच आहे. हलका घेतला तर खळगा मोठा पडतो, गाभा लवकर चिरडतो, पण साल वाचण्याची शक्यता जास्त. घट्ट घेतला तर गाभा हटत नाही, मग सगळा भार सालीवर येतो आणि तंतू आधी तुटतात. मधला मार्ग गणिताने काढता येतो, पण तो एका ठरावीक फटक्यासाठीचा. उद्या कोणता पाना कुठून पडणार हे गणिताला कोण सांगणार?

सालीखालच्या पोकळीचा परिणाम फटका बसला त्या दिवशी जाणवत नाही. पुढे केव्हातरी पंख वर वाकतो, वरच्या सालीवर दाब येतो, आणि आधार नसलेल्या त्या टिचभर जागी साल फुगून निसटते. लपलेल्या इजेनंतर दाब सोसण्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. मार्च २००५ मध्ये एअर ट्रान्सॅटचे एक एअरबस ए-३१० क्युबाहून कॅनडाकडे निघाले असता त्याच्या शेपटीचे सुकाणू हवेत गळून पडले. ते सुकाणू सँडविचचे होते. गाभा फोमचा नव्हता, मधाच्या पोळ्याच्या आकाराचा होता. साल आणि गाभा यांची ताटातूट आधीपासून झालेली असावी, असा तपासाचा रोख होता. विमान सुखरूप उतरले, हे प्रवाशांचे नशीब.

ही लपलेली इजा शोधायला अल्ट्रासाउंड आहे, उष्णता टिपणारे कॅमेरे आहेत. तरी जगभरच्या शेडमध्ये पहिला उपाय म्हणून आजही नाणे किंवा छोटी हातोडी घेऊन पंख ठोकत जातात. बाजारात कलिंगड ठोकून पाहणारा माणूस हे काम चटकन शिकेल. साल गाभ्याला घट्ट असेल तिथे आवाज टणक येतो, सुटली असेल तिथे बद्द. बद्द आवाजाच्या जागेभोवती पेन्सिलीने रेघ ओढायची, तेवढी साल आणि मेलेला फोम कापून काढायचा, नवा फोम बसवायचा, कडा तिरकस घासून त्यावर तंतूंचे थर एकेक करून चढवायचे. काम सुबक झाले की पुन्हा काही दिसत नाही. म्हणून वहीतली नोंद महत्त्वाची.

फोम नेहमी मार खाणारा असतो असेही नाही. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान निघाले, तेव्हा उड्डाणानंतर ८२ व्या सेकंदाला बाहेरच्या इंधनटाकीवरचा पॉलियुरेथेन फोमचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. तुकडा प्रवासी बॅगेएवढा, वजन पाऊण किलोच्या आसपास. यान वर असतानाच या आदळण्याची चर्चा झाली, पण फोमसारखी मऊ वस्तू कार्बनच्या कडेला मोठी इजा करील हे व्यवस्थापनाला पटले नाही. टक्कर ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने झाली होती; तेवढ्या वेगात पाऊण किलो म्हणजे एकवीस हजार ज्यूल, आपल्या सारसाच्या धडकेच्या जवळजवळ दुप्पट. १ फेब्रुवारीला परतताना यान विखुरले आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. जुलैमध्ये टेक्सासमधल्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने तसाच तुकडा तोफेने पंखाच्या कडेवर मारून पाहिला. कडेला सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले. मऊपणा हा दाबण्याच्या वेगावर अवलंबून असतो. बोटाने दाबलेला फोम आणि तोफेतून सुटलेला फोम हे एकच नव्हेत.

दुसऱ्या, म्हणजे हेल्मेटच्या शाखेची सुरुवात एका मृत्यूपासून झाली. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. त्याने या विषयाचा पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये डोक्याच्या जखमा झालेल्या मोटारसायकलस्वारांवर निबंध लिहिला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि त्यांच्यामागे बसलेले रस्त्यावर मेले होते. केर्न्सच्या पाहणीत हेल्मेट घातलेले जखमी फक्त सात सापडले, आणि ते सातही जगले. सात म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच नाही. तरी ब्रिटिश लष्कराने त्याच वर्षी आपल्या दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

त्या हेल्मेटांत फोम नव्हता. आत पट्ट्यांची झोळी असे. गाभा आत घातला तो अमेरिकेत. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले रॉथ आणि लोंबार्ड यांनी १९४७ मध्ये अर्ज करून १९५३ मध्ये पेटंट मिळवले: कडक कवच आणि आत चिरडणारे अस्तर. अस्तर उसळणारे नको, चिरडणारेच हवे, हा त्यातला खरा शोध. रबर आघाताची ऊर्जा घेते आणि लगेच परत करते. डोके चेंडूसारखे उलट फेकले जाते. चिरडलेला फोम काहीच परत करत नाही.

यामागचा स्वभाव पंखातल्या फोमचाच. फोम दाबत गेलात की आधी थोडा लवचीक विरोध होतो. मग एका ठरावीक दाबाला कप्पे मोडू लागतात, आणि तिथून बराच पल्ला तो त्याच दाबाने चिरडत राहतो, ना कमी ना जास्त. शेवटी सगळे कप्पे मिटले की तो दगडासारखा घट्ट होतो. मधला सपाट पल्ला ही खरी कमाई. साधा हिशोब करा. दीड मीटरवरून डोके रस्त्यावर आदळते तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेपाच मीटरच्या जवळ असतो. उघडे डोके तीनेक मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्याला सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट झटका बसतो. मध्ये २५ मिलिमीटर फोम चिरडला, तर तोच झटका ६० पटींवर येतो. हेल्मेटची सगळी करामत या बावीस मिलिमीटरची. म्हणून आतले अस्तर काढून ‘हवेशीर’ केलेले हेल्मेट, किंवा नुसती प्लॅस्टिकची वाटी, पोलिसाला दाखवण्यापुरतीच.

निसर्गाने हा प्रयोग आधीच केलेला आहे. आपल्या कवटीतच हाडाचे दोन घट्ट थर आणि मध्ये स्पंजासारखे हाड आहे. गोरेगावजवळच्या नागझिऱ्याच्या जंगलात राखी धनेश दिसतो. त्याची अवजड वाटणारी चोच आतून हाडाच्या फेसाची आहे. दक्षिण अमेरिकेच्या टूकानची चोच याच धर्तीची. यासुआकी सेकी आणि मार्क मायर्स यांनी २००५ मध्ये तिचा अभ्यास छापला: बाहेरचे केराटिन आणि आतला फेस वेगवेगळे मोजले तर जितकी ऊर्जा शोषतात, त्याहून एकत्र असताना जास्त शोषतात. फेस सालीला चुरगळू देत नाही, आणि साल फेसाला विखरू देत नाही. फेअरबेर्नला मिलवॉलमध्ये हवे होते ते हेच.

दोन्ही शाखा आता काही ठिकाणी एकमेकींत मिसळू लागल्या आहेत. नागपूर–बिलासपूर वंदे भारत ११ डिसेंबर २०२२ पासून गोंदियाला थांबते. या गाड्यांचे निमुळते नाक काचतंतूंचे असते. मुंबई–गांधीनगर वंदे भारतने ऑक्टोबर २०२२ मध्ये म्हशींना धडक दिली, तेव्हा नाक फुटल्याची छायाचित्रे सगळीकडे फिरली आणि गाडी कचकड्याची असल्याची थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांनी दुसऱ्या दिवसाची बातमी वाचली नसावी: नवे नाक बसवून गाडी धावू लागली होती. रोज वारा कापायचा आणि एखाद्या दिवशी फुटून मोकळे व्हायचे, असे ते नाक आहे.

आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटला आयएस ४१५१ हे मानक लागू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ ने हेल्मेट घालणे बंधनकारक केले, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय ते बनवणे-विकणेही बेकायदा ठरले. पुण्यात सक्तीविरुद्ध समित्या निघाल्या, तर तिकडे बेळगावच्या ‘वेगा’सारख्या कारखान्यांनी देशभर हेल्मेटे पुरवली. मानकाच्या चाचणीत हेल्मेट धातूच्या डोक्यावर चढवून पोलादी ऐरणीवर टाकतात आणि आतला झटका मोजतात. चाचणी अर्थातच नव्या हेल्मेटची. ते एकदा रस्त्यावर आपटले की पंखासारखेच घडते: कवच परत जागेवर येते, गाभा येत नाही. पुढच्या वेळी त्या जागी चिरडायला काही उरलेले नसते, म्हणून एका मोठ्या फटक्यानंतर हेल्मेट बदलायचे असते.

इथे पंखासारखे नाण्याने ठोकून पाहणे उपयोगाचे नाही. हेल्मेटचा फोम बहुधा कवचाला पूर्ण चिकटवलेला नसतो, त्यामुळे आवाज सगळीकडेच बद्द येतो. करण्यासारखे एवढेच: आतले कापड सोडवायचे, उघडा पडलेला फोम उजेडात फिरवून पाहायचा, भेग आहे का, एखादी जागा शेजारच्यापेक्षा चपटी किंवा चकचकीत झाली आहे का, अंगठ्याने दाबून जाडी सारखी लागते का. जुने हेल्मेट कुणाकडून घेत असाल तर ते कधी पडले होते का हे आधी विचारावे. चेहरा निरखत विचारावे.